आमची वाटचाल: उद्यमनगर ते पोमोना

मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "तुम्ही कशात आहात?" असं विचारलं की माझ्याआधी बायकोच उत्तर देते, "ऑटोमोबाइलमध्ये." समोरच्याला वाटतं, एखाद्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीत मॅनेजर असेल. खरं म्हणजे आमचं गॅरेज आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोनाजवळ, तीन शटरचं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या फोर्ड गाड्या आम्ही तिथे पळवण्याजोग्या करतो. या गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. गॅरेज सुरू होऊन आता बरीच वर्षं झाली, पण मंडळात अजून कुणाला ते नीट समजावता आलेलं नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आबांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं, आणि मागच्या गल्लीत चुलत्यांची फौंड्री. ऑइल इंजिनांचे सुटे भाग, ऊस गाळायच्या चरकाचे रोलर आणि वडापच्या जीपची इंजिनं, यावर घर चालायचं. त्या जुन्या महिंद्रा जीपच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असायचे. सीटजवळ तडा गेला की सगळा ब्लॉकच उचलून आबांकडे यायचा. शाळा सुटल्यावर मी तिथं बसून पाना-पक्कड द्यायचो आणि मोल्डिंगची काळी वाळू दप्तरातून घरी न्यायचो. आईची त्यावरून रोज बोलणी.

पुढं शिक्षण, अमेरिका, सुट्या भागांच्या एका कंपनीत डिझाइनची नोकरी. 2009 च्या मंदीत ती गेली. माझ्याच टीममधला एक मशिनिस्टही त्याच दिवशी घरी बसला. तो मेक्सिकन वंशाचा, पोमोनातच वाढलेला, वडिलांच्या लोरायडर (जमिनीलगत बसवलेल्या, सजवलेल्या) गाड्यांखाली झोपून शिकलेला. त्याला गाड्या कळायच्या, मला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कळायचं. या भागातली विमानउद्योगाची कामं आटल्यापासून लहान मशीन शॉप एकेक बंद पडत होती. अशाच एका शॉपमधून आम्ही सिलिंडर आतून कापून मोठे करायचं जुनं बोअरिंग मशीन घेतलं. ते ट्रकवरून उतरवताना भागीदाराच्या बायकोनं आणि माझ्या बायकोनं एकमेकींकडे पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही.

आता हॉट रॉड म्हणजे काय, ते सांगतो. 1932 साली फोर्डनं सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-एट इंजिन बसवलं. त्याआधी आठ सिलिंडर म्हणजे श्रीमंतांचं काम. 221 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 3.6 लिटरचं आणि 65 अश्वशक्तीचं हे इंजिन. आजच्या हिशेबात काहीच नाही, पण गाडी हलकी होती. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड घेतल्या, मडगार्ड काढले, बॉनेट काढलं, छप्पर कापून खाली घेतलं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन-तीन बसवले आणि शनिवार-रविवारी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायला नेल्या. म्युरॉक आणि एल मिराज ही त्यातली नावाजलेली तळी. म्युरॉकवर आज हवाई दलाचा एडवर्ड्स तळ आहे. 1937 मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून संघटना काढली, वेळ मोजायची शिस्त लावली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेले तरुण वेल्डिंग आणि मशीनकाम शिकून आले होते. लढाऊ विमानांच्या पोटाखालच्या जादा इंधनटाक्या भंगारात मिळायच्या, त्या टाकीत बसून गाडी पळवणारे महाभाग निघाले. त्या टाकीचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला सांगलीच्या रस्त्यावरचा जुगाड आठवला: पंपाचं इंजिन, लाकडी फळ्या, आणि वर बसलेली अख्खी लग्नाची वरात.

आमचं पहिलं मोठं काम आलं ते 1932 च्या रोडस्टरचं, म्हणजे उघड्या टपाच्या फोर्डचं. आत 1946 च्या सुमाराचं फ्लॅटहेड इंजिन. फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, हेड नुसतं झाकण. आबांच्या जीपच्या जवळचंच नातं. आम्ही सिलिंडर बोअर केले, पिस्टन नवे, व्हॉल्व्ह सीट नव्या, अॅल्युमिनियमचं मॅनिफोल्ड, वर दोन स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर. आवाज असा की भागीदारानं डोळे मिटून घेतले. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं. दुसऱ्या रविवारी कहोन घाटाच्या चढावर गाडीनं पाणी उकळून फेकलं आणि सोमवारी टो ट्रकवरून आमच्या दारात आली.

आम्ही रेडिएटर बदलला. फ्लॅटहेडला पाण्याचे पंप दोन असतात, दोन्ही बदलले. इग्निशनचं टायमिंग तपासलं. परत चढ, परत उकळी. तीन आठवडे गेले. गिऱ्हाईक सभ्य होतं, म्हणजे ओरडत नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

शेवटी आबांना फोन केला. इकडं रात्र, तिकडं सकाळ. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक्झॉस्ट कुठनं जातंय?" म्हटलं, ब्लॉकमधूनच, सिलिंडरांच्या मधून, दोन्ही बाजूंना तीन-तीन तोंडं, मधल्या दोन सिलिंडरांना एकच. थोडा वेळ गप्प.

"मग पाण्याची वाट लई अरुंद आसंल. आन् ओतकाम एकाच तुकड्यात?"

"हो, दोन्ही बाजू आणि खालचा भाग, सगळं एकत्र."

"आरं मग कोअरची वाळू निघाली का सगळी? ब्लॉक उलटा कर आन् ठोक. काय पडतंय ते सांग मला."

व्ही-एटचा अख्खा ब्लॉक एकाच तुकड्यात ओतणं हाच फोर्डचा मोठा पराक्रम होता, आणि सुरुवातीला त्यात भरपूर माल वाया गेला. पाणी फिरायच्या पोकळ्यांसाठी आत वाळूचे कोअर ठेवायचे, त्यांना तारेचा आधार. ओतकाम थंड झालं की वाळू झटकायची. ती पूर्ण झटकली गेली असेलच असं नाही. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत तीच वाळू गंजाबरोबर दगड होऊन बसते. हे फौंड्रीच्या पोराला सुचायला हवं होतं. मला नाही सुचलं. मी रेडिएटर बदलत बसलो.

दुसऱ्या दिवशी इंजिन परत सोडवलं, ब्लॉक उलटा टांगला, भट्टीत तापवून आणला आणि लाकडी हातोड्यानं ठोकायला लागलो. आधी नुसता तांबडा भुगा. मग खपल्या. मग भागीदारानं कोपऱ्यातल्या पाण्याच्या भोकातून लांब सळई फिरवली, तशी काळी वाळू घळाघळा सुटली आणि तिच्याबरोबर वेडीवाकडी, बोटभर लांबीची एक तार. कॉफीचा मोठा डबा पाऊण भरला. मी वाळू चिमटीत धरून चोळली. वास अगदी चुलत्यांच्या फौंड्रीचा.

ते काम फुकट करून दिलं. त्या वर्षीचा नफा त्यातच गेला. पण गिऱ्हाइकानं तो डबा मागून घेतला आणि पोमोनाच्या स्वॅप मीटमध्ये, जिथं लोक पहाटे अंधारात बॅटऱ्या घेऊन जुने भाग शोधत फिरतात, तिथं जो भेटेल त्याला दाखवला. पुढची चार कामं त्या डब्यानं आणली. आता आमच्याकडे येणारा प्रत्येक फ्लॅटहेड आधी भाजला जातो, ठोकला जातो, मग तड्यांसाठी तपासला जातो, आणि त्यानंतरच भावाची बोलणी.

मात्र भाडं फ्लॅटहेडवर निघत नाही. भाडं निघतं ते एलएस इंजिनावर. शेव्हरलेनं 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये आणलेलं हे कुटुंब आज कुठल्याही जुन्या गाडीत बसतं: भंगारातल्या ट्रकमधून काढा, वायरिंग करा, कंप्युटर लावा, झालं. काम चोख, पैसा वेळेवर. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याशिवाय वायरिंग, एसी (हो, 1932 च्या गाडीत एसी), पॉवर स्टिअरिंग.

एका बाबतीत आम्ही अडून बसतो, ती म्हणजे ब्रेक. फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक 1939 ला आणले, त्याआधी सळ्यांवरचे किंवा केबलवरचे. एकानं चारशेच्या वर अश्वशक्ती मागितली आणि ब्रेकचे पैसे कापायला सांगितले. आम्ही नाही म्हटलं. तो दुसरीकडे गेला, वर आम्ही भित्रे म्हणून सांगत सुटला. चालायचंच.

कागदपत्रं हा इथला दुसरा धंदाच आहे. 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूरतपासणी नाही, पण नव्यानं बांधलेल्या बॉडीच्या गाडीला ती सूट आपोआप मिळत नाही. अशा गाड्यांना सूट देणारी फक्त 500 प्रमाणपत्रं राज्य वर्षाला देतं. त्यासाठी जानेवारीत भागीदार थर्मासमध्ये कॉफी भरून पहाटे रांगेत उभा राहिलेला आहे.

आबा एकदाच आले. जानेवारीअखेर पोमोनाच्या मैदानावर रोडस्टरचं मोठं प्रदर्शन भरतं, पूर्वी ते ओकलंडला असायचं. तिथं नेलं. गाडीखाली आरसे ठेवलेले, कारण खालची बाजूही क्रोमची. आबा एका इंजिनासमोर बराच वेळ वाकून उभे. मग मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मराठीत, "चालतंय का ह्ये?" मालकानं हसून मान डोलावली. त्याला काय कळलं, देव जाणे. मुद्दाम गंज जपलेल्या गाड्या मात्र त्यांना अजिबात पटल्या नाहीत. "रंगाला पैसं न्हाईत का ह्यांच्याकडं?"

एल मिराजला मात्र ते गप्प झाले. सपाट तळं, 1.3 मैलांची धाव, डोळ्यांत पांढरी धूळ, आणि ऐंशीच्या घरातले म्हातारे स्वतःच्या गाडीचे प्लग स्वतः बदलत बसलेले. आमची गाडी ताशी सव्वाशे मैलांच्या आसपास गेली. विक्रमाच्या जवळपासही नाही. आबांनी तिचा गरम प्लग रुमालात धरून रंग पाहिला आणि खिशात टाकला. तो आता कोल्हापुरात देवघराशेजारी आहे.

खंडेनवमीला आम्ही मशीन पुसतो, हळदीकुंकू लावतो, बोअरिंग बारला झेंडूची माळ घालतो. पहिल्या वर्षी भागीदार लांबून बघत होता. त्यांच्या घरी मृतांच्या सणाला नोव्हेंबरात झेंडूच लागतो, त्यामुळे फुलं आता तोच बाजारातून आणतो, आणि थोडी जास्तच. दंडभर गोंदलेली गिऱ्हाइकं पेढे खाऊन जातात.

सध्या तिन्ही शटरमागं गाड्या आहेत. मधल्या शटरमागं एक ब्लॉक उलटा टांगलेला आहे, कालपासून वाळू पडतेय, अजून थांबलेली नाही. दुपारी फोन लागला नाही तर संध्याकाळी करा.