नासची नोंदवही : जाताना एक वाट, येताना दुसरी

मागच्या नोंदीत नासचा, म्हणजे घरभर नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या साठवणीच्या संगणकाचा, डबा उभा राहिला होता : जुना आय-५ डेस्कटॉप, चार ४ टीबीच्या डिस्क रेडझेड-२ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत), वर ट्रूनास स्केल ही नासची प्रणाली. तेव्हा दोन पोर्टचं इंटेल नेटवर्क कार्ड बसवून मी खुशीत होतो. एक पाय घरच्या नेटवर्कात (१९२.१६८.१०.२०), दुसरा फक्त साठवणीसाठी केलेल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कात (१९२.१६८.२०.२०). मधे पीएफसेन्स, म्हणजे घरचा राउटर आणि फायरवॉल. दोन पाय म्हणजे दुप्पट सोय, असा हिशोब होता. पुढचे दोन शनिवार त्या हिशोबात गेले.

लक्षण असं. लॅपटॉपवरून पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) अगदी व्यवस्थित. दुरून आज्ञा द्यायचं एसएसएच उघडतं, पासवर्ड घेतं, यादी दाखवतं आणि थोड्या वेळात गोठतं. नासवरच्या शेअरमधली (सामायिक फोल्डरमधली) फाइल कॉपी व्हायला लागते आणि मधेच मान टाकते. आधी केबल बदलली, मग स्विचचा पोर्ट. कार्डावर संशय घेऊन ते काढून पुन्हा बसवलं. (पिंग चालतंय ना, मग नेटवर्क ठीक आहे, हे वाक्य मी स्वतःला किमान चार वेळा ऐकवलं.)

शेवटी पीएफसेन्सवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी डेटाची पाकिटं दाखवणारं साधन, लावलं आणि ट्यूब पेटली. लॅपटॉपकडून नासकडे जाणारी पाकिटं दिसत होती, परतीचं एकही नाही. लॅपटॉप १० च्या नेटवर्कात, पण शेअर जोडलेला होता २० च्या पत्त्यावर. म्हणजे जाताना पाकीट फायरवॉलमधून जाणार. नासने उत्तर द्यायला घेतलं की ती स्वतःचं राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठली वाट, याची यादी) बघते : अरे, १० चं नेटवर्क तर माझ्या दाराशीच आहे! उत्तर दुसऱ्या पायाने थेट लॅपटॉपकडे. फायरवॉलला संवादाची एकच बाजू ऐकू येते, जोडणी पुरी झाल्याचं तिला कळतच नाही, आणि ती पुढची पाकिटं टाकून देते. पिंगमध्ये आधी जोडणी पक्की करण्याचा असा हातमिळवणीचा खेळ नसतो, म्हणून तो सुखाने चालतो.

डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या पत्त्यांसाठीचं दार, एकच होता, १९२.१६८.१०.१, आणि तो बरोबरही होता. इथे त्याचा संबंधच येत नव्हता. जोडलेलं नेटवर्क समोर असताना गेटवेला कोण विचारतो?

उपाय सरळ निघाला. राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या वहीत) ‘नास’ हे नाव २० च्या पत्त्याकडे बोट दाखवत होतं, ते १० कडे वळवलं. घरातले सगळे आता १० च्या पायाने येतात. २० चा पाय फक्त त्याच व्हीलॅनमधल्या प्रॉक्समॉक्ससाठी, म्हणजे आभासी संगणक चालवणाऱ्या यंत्रासाठी. उगमाच्या पत्त्याप्रमाणे वाट ठरवणारं पॉलिसी राउटिंगही करता आलं असतं, पण तीन माणसांच्या घराला ते जरा जास्तच.

दुसरं काम नासचा बॅकअप सांगलीला, ताईच्या घरी, पाठवण्याचं. तिच्या घरचं नेटवर्क १९२.१६८.५०.०/२४, मधे वायरगार्डचा सुरक्षित बोगदा, माझ्याकडचं टोक रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (१९२.१६८.१०.५). तिच्या नेटवर्ककडे जाणारा मार्ग मी आधी नासच्या शेलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) हाताने घातला. चालला. गुरुवारी लाईट गेली, यूपीएसने हात टेकले, नास पुन्हा उठली आणि मार्ग गायब. ट्रूनास आपलं सगळं स्वतःच्या डेटाबेसमधून वाचते, शेलमधलं रीबूटनंतर राहत नाही. मग ट्रूनासच्या नेटवर्कच्या पानावर स्टॅटिक रूट्समध्ये (कायमच्या नेमलेल्या मार्गांत) रीतसर भरला. तो राउटरवर न घालता नासवरच घातला, कारण राउटरवर घातला असता तर पुन्हा तेच : जाताना राउटरमार्गे, येताना रास्पबेरी पायकडून थेट.

त्याच पानावर एकदा इंटरफेसचा पत्ता चुकीचा टाकला. ‘टेस्ट चेंजेस’ दाबलं आणि पान मेलं. साठ सेकंद हात बांधून बसलो. मी बदल पक्का केला नाही म्हणून नासने स्वतःहून जुना पत्ता परत घेतला. ज्याने कुणी ही सोय केली त्याला माझ्याकडून एक वडापाव.

परतीच्या मार्गासाठी ताईच्या राउटरवरही नोंद लागणार होती. फोनवर म्हटलं, “ताई, डावीकडे ‘स्टॅटिक रूट’ दिसतंय का?” ती म्हणाली, “दिसतंय, पण हे बिघडलं ना, तर मॅच तू येऊन दाखवायचीस.”

बिघडलं नाही. रात्री दीडला पहिला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) सांगलीकडे निघाला, सेकंदाला जेमतेम ३ एमबीने. अजून चाललाय.