सतरा मजली, निळ्या उजेडात

आज संध्याकाळी ट्रायपॉड घेऊन नेहरू चौकात उभा होतो. जळगावात जन्म गेला, महापालिकेची सतरा मजली रोज दिसते, पण इतका वेळ तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

रात्रीचा फोटो खरं तर पूर्ण अंधारात काढूच नये. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं, दिवे लागलेले असतात आणि इमारतीच्या कडा आभाळापासून सुट्या दिसतात. नंतर मागे नुसता काळा पडदा उरतो. आज ती वेळ साडेसहाच्या आसपास होती, जेमतेम दहा मिनिटांची.

आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११, शटर १५ सेकंद उघडं. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो म्हणून २ सेकंदांचा टायमर. तरी पहिले चार फोटो हललेले आले. लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, ट्रायपॉडवर उलट फोटो हलवू शकते; ते बंद करायचं राहिलं होतं. ते बंद केलं आणि पाचव्या फोटोत खिडक्यांच्या चौकटी कोरल्यासारख्या आल्या. खाली रिक्षांच्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेघा, आणि चालणारी माणसं मात्र पार गायब! फक्त एक आजोबा, हातगाडीला टेकून थांबलेले, अगदी स्पष्ट. पंधरा सेकंद ते हललेच नव्हते.

चहावाल्या दादांनी विचारलं, "काय करी राह्यना भाऊ?" स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आपलंच जळगाव शे का हाई?"

उद्या मेहरूण तलावावर जातोय. कुणी येतंय का सोबत? स्वेटर आणा, थंडी जबर आहे.