सीट रेस: विद्यापीठाच्या बोटीत जागा मिळवताना

इंदूरमध्ये राहून रोइंग करायचे म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. सिरपूर आणि यशवंत सागर हे आमचे दोन्ही तलाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत आणि पाणपक्ष्यांसाठी नावाजलेले आहेत, परंतु 2000 मीटरचा सरळ मार्ग आखून शर्यतीच्या बोटी चालवण्याची सोय शहरात नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या महिला संघासाठी चाचणी द्यायचे ठरवले, तेव्हा माझ्या आठवड्याचे दोन भाग झाले. सोमवार ते शुक्रवार पहाटे जिममधल्या एर्गोमीटरवर, म्हणजे वल्हे मारण्याच्या यंत्रावर (आमच्या भाषेत एर्गोवर) सराव आणि त्यानंतर कॉलेज, तर शनिवारी सुमारे 190 किलोमीटरचा प्रवास करून भोपाळच्या बड्या तलावावर पाण्यातला सराव. घरी हा खेळ कोणालाच ठाऊक नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हे मारायला शिकले, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीतून सुवर्णपदक घेऊन आले, हे बाबांना सांगितले, तेव्हा कुठे शनिवारच्या बसला परवानगी मिळाली.

निवडीची पहिली पायरी म्हणजे एर्गोवरील 2000 मीटरची चाचणी. सुरुवातीला मला या अंतराला 8 मिनिटे 20 सेकंद लागत, आणि आम्हाला सांगितलेली मर्यादा 8 मिनिटांची होती. 20 सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण एर्गोवर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दर 500 मीटरला 2 मिनिटे 5 सेकंद ही गती राखायला सुमारे 179 वॉट पुरतात, तर 2 मिनिटांच्या गतीला सुमारे 203 वॉट लागतात. म्हणजे वेग 4 टक्के वाढवण्यासाठी शक्ती 13 टक्के अधिक लावावी लागते. ही शक्ती एकदम येत नाही. मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याच्या ओढी, अशा संथ लयीत तासभर ओढत राहणे, पाय, पाठ आणि हात यांचा क्रम न मोडणे, आणि आठवड्यातून मोजक्याच वेळा पूर्ण जोर लावणे, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या सरावानेच माझी वेळ उतरत गेली. चाचणीत सर्वांत अवघड असतात ते तिसरे 500 मीटर, कारण सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. आमच्या प्रशिक्षक सरांनी मला तिथेच गती न सोडण्याची सवय लावली, आणि मी 8 मिनिटांच्या आत पोहोचले.

पाण्यावर जाण्याआधी पोहण्याची परीक्षा झाली. त्यानंतर हातांची पाळी आली. एका वल्ह्याच्या रोइंगमध्ये आतल्या, म्हणजे वल्ह्याच्या पात्याकडच्या हाताने वल्हे सतत फिरवावे लागते, त्यामुळे बोटांच्या मुळाशी फोड येतात आणि ते फुटले की साधी पोळी लाटणेही जमत नाही. फोडाची कातडी ओढून काढायची नाही, हात धुऊन कोरडे करायचे, पट्टी लावायची आणि पुन्हा वल्हे धरायचे, हे वरिष्ठ मुलींनी शिकवले. हातमोजे मात्र कोणी घालत नसे, कारण त्यांनी पकड कळेनाशी होते.

आमची निवड कॉक्स, म्हणजे बोट वळवणारा आणि सूचना देणारा सुकाणूधारक, नसलेल्या चौघींच्या बोटीसाठी होती. या बोटीत प्रत्येकीकडे एकच वल्हे असते, दोघींची एका बाजूला आणि दोघींची दुसऱ्या, आणि सगळ्या जणी पाठ पुढे करून बसलेल्या असतात. सुकाणूची तार एकीच्या बुटाला जोडलेली असते आणि तिने पाऊल वळवले की बोट वळते. एर्गोवर उत्तम वेळ देणाऱ्या चार मुली एकत्र बसवल्या म्हणजे वेगवान बोट तयार होते असे मला वाटत असे. ते तसे नसते, हे सीट रेसने दाखवले, आणि या संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत न्याय्य वाटलेली गोष्ट तीच आहे.

सीट रेसमध्ये दोन बोटी शेजारी-शेजारी उभ्या करून ठरावीक अंतर, ठरावीक स्ट्रोक रेटने (मिनिटाला किती स्ट्रोक, त्या गतीने) पळवतात. अंतर संपले की बोटी एकमेकींना लावतात, एका बाजूचे वल्हे मारणाऱ्या दोघी जणी पाण्यातच जागा बदलतात, आणि तीच शर्यत पुन्हा होते. बाकीच्या सहा जणी त्याच असल्यामुळे दोन शर्यतींच्या फरकात जो बदल होतो, तो त्या दोघींमुळे झाला असे मानले जाते. कोणाची अदलाबदल होणार हे आधी सांगत नाहीत, म्हणून कोणालाही हात राखून वल्हे मारता येत नाही. वारा वाढला की निकालावर विश्वास ठेवता येत नाही, त्यामुळे बड्या तलावावर आमच्या या शर्यती उजाडताच सुरू होत.

पहिल्या शर्यतीत माझी बोट 2 सेकंदांनी हरली. सोबतच्या मोटरबोटीतून (लाँचमधून) सरांनी दोन्ही बोटींतल्या, पुढच्या टोकापासून मोजलेल्या दुसऱ्या सीटवरच्या मुलींची नावे पुकारली. समोरच्या बोटीत माझ्याच जागेवर सुदामा नगरची माझी मैत्रीण होती, जिची एर्गोवरची वेळ माझ्यापेक्षा स्पष्टपणे चांगली होती. आम्ही रिगर (वल्हे अडकवायची बोटीबाहेरची चौकट) धरून, गुडघे टेकत जागा बदलल्या. पुढची शर्यत मी गेलेल्या बोटीने 5 सेकंदांनी जिंकली, म्हणजे हिशोब माझ्या बाजूने 3 सेकंदांचा झाला. खात्रीसाठी आम्हाला पुन्हा मूळ बोटींत पाठवले, तरी कल तोच राहिला.

काठावर आल्यावर तिने मला सरळच विचारले, "अगं, जोर तर माझाच जास्त आहे, मग कमी काय पडलं?" मी उत्तर देण्याआधीच सरांनी तिला व्हिडिओ दाखवला. स्ट्रोक संपल्यावर सीट सरकवून पुढच्या स्ट्रोकसाठी येताना चौघींचे वजन बोटीच्या मागच्या टोकाकडे जाते. ते घाईने जाऊन पायाच्या फळीवर आदळले की बोटीची धाव तुटते. दुसरी आणि चौथी सीट एकाच बाजूची असल्यामुळे दुसरीने चौथीचे पाते पाण्यात शिरते त्याच क्षणी आपले पाते घालायचे असते. मैत्रिणीचा जोर मोठा होता, पण ती दर वेळी किंचित आधी पोहोचत होती. तिने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला म्हणाली, "हे सुधारता येईल." निवडीत हरल्यावर इतक्या शांतपणे कारण समजून घेणारी खेळाडू मी दुसरी पाहिलेली नाही. ती राखीव म्हणून संघात आली.

कागदपत्रांचे काम गुणपत्रिका, पात्रतेचा फॉर्म आणि महाविद्यालयाचे सही-शिक्के एवढ्यात उरकले. आंतरविद्यापीठ स्पर्धा चंदीगडच्या सुखना तलावावर होती. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीत, आम्ही मागे पडलो, रिपेशाजमधून (हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीच्या शर्यतीतून) अंतिम शर्यतीत पोहोचलो आणि तिथे पाचव्या आलो. पहिल्या तीन बोटी शेवटच्या 500 मीटरमध्ये ज्या सहजतेने रेट वाढवत होत्या, ती आमच्या सरावात अजून नव्हती.

यंदाच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत आणि मागच्या वर्षीची एकही जागा राखून ठेवलेली नाही. सीट रेसमध्ये अदलाबदल एकाच बाजूच्या दोघींची होते, हे लक्षात घेऊन मैत्रिणीने आता दुसऱ्या बाजूचे वल्हे घेतले आहे. आतला हात बदलल्यामुळे तिच्या तळव्यावर नवे फोड आले आहेत. शनिवारी आम्ही दोघी मिळून दोघींच्या बोटीत सराव करतो. त्या बोटीत एकीचा जोर किंवा वेळ जराही चुकली तर बोट लगेच वळते, म्हणून सरांनी सध्या आम्हाला तीच दिली आहे.