तुम्ही विचारलंत म्हणून: ९८ मॅच खेळलेला कोलमन एवढा मोठा कसा?

आमच्या हॉलमध्ये एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावलाय, एक माणूस हवेत आहे, पार दुसऱ्याच्या खांद्याच्या वर, हात वर ताणलेले आणि बॉल बोटांत. घरी जेवायला येणारं प्रत्येक मराठी कुटुंब विचारतं की हा कोण, मी सांगते जॉन कोलमन, फूटबॉलर, मेलबर्नच्या एसेंडन क्लबचा. पुढचा प्रश्न ठरलेला, किती वर्षं खेळला? मी म्हणते सहा सीझन, ९८ मॅच. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर येतंच, बस, एवढंच? आणि त्याचा फोटो? दर वेळी वाढता वाढता अर्धंमुर्धं उत्तर देते, आज सगळं लिहून काढते.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण फूटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोल बॉल येतो. हा ऑस्ट्रेलियन रूल्स, मेलबर्नचा खेळ, इथे सगळे फूटीच म्हणतात. क्रिकेटच्याच लंबगोल ग्राउंडवर एका बाजूने १८ जण, लांबट बॉल, चार क्वार्टर. टोकाला चार खांब, मधल्या दोघांतून लाथेने बॉल गेला तर गोल म्हणजे सहा पॉइंट, बाजूच्या खांबांतून गेला तर एकच. आणि सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे मार्क. कोणी लांबून मारलेला बॉल वरच्या वर झेलला की खेळ तिथे थांबतो आणि तुम्हाला निवांत किक मिळते, म्हणून हे लोक एकमेकांच्या पाठीवर गुडघा टेकवून उड्या मारतात. दहीहंडीचा गोविंदा डोळ्यासमोर आणा, फक्त इथे खालचा थर विरोधी टीमचा आहे आणि तो धावतोय.

कोलमन होता फुल फॉरवर्ड, म्हणजे गोलच्या अगदी तोंडाशी उभा राहणारा, गोल करणं हेच त्याचं काम. जन्म १९२८ चा, पोर्ट फेअरीचा, पण नाव झालं ते मेलबर्नच्या दक्षिणेला हेस्टिंग्ज नावाच्या समुद्राकाठच्या गावात. १९४८ च्या एका सीझनमध्ये त्याने हेस्टिंग्जसाठी १६० गोल मारले. मग १९४९ ला एसेंडन, विंडी हिल ग्राउंड, पहिलीच मॅच हॉथॉर्नविरुद्ध, वय वर्षं वीस. बारा गोल. पहिल्या मॅचमध्ये बारा! पदार्पणातला तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही.

त्याच वर्षी ग्रँड फायनलला, म्हणजे सीझनच्या शेवटच्या सगळ्यात मोठ्या मॅचला, तो उतरला तेव्हा त्याचे ९४ गोल झाले होते. समोर कार्लटन. त्या दिवशी त्याने सहा मारले आणि शंभरावा आला अगदी शेवटच्या मिनिटांत, तोपर्यंत एसेंडनने मॅच कधीच खिशात घातली होती, ७३ पॉइंटने जिंकले, पण पब्लिक जागचं हललं नाही ते त्या एका गोलसाठी. पुढच्या वर्षी १२० गोल आणि परत प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद.

हे सगळं मला कसं कळलं तर आमच्या शेजारच्या आजोबांमुळे. त्यांनी लहानपणी कोलमनला खेळताना पाहिलंय. ते सांगतात की दर क्वार्टरनंतर टीमा बाजू बदलायच्या, तेव्हा पोरंच नाही तर मोठी माणसंसुद्धा ग्राउंडला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायची, कोलमन जिथे गोल मारणार त्या खांबांमागे उभं राहायला. विचार करा, उरलेली मॅच कुठे चाललीये याच्याशी देणंघेणं नाही, एका माणसाच्या मागे अख्खी गर्दी चालतेय. मला त्याचे आकडे पाठ आहेत ते नंतर झाले, आधी हे ऐकलं आणि अंगावर काटा आला.

आता १९५१. हे लिहिताना मला अजून राग येतो, मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते. फायनल्सच्या, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीच्या मॅचच्या, आधीची शेवटची लीग मॅच, परत कार्लटन, त्यांच्याच प्रिन्सेस पार्कवर. हॅरी कॅस्पर नावाचा बॅक, म्हणजे बचाव करणारा, त्याच्यावर होता, दोघांत मारामारी झाली, रिपोर्ट झाला, प्रकरण ट्रायब्युनल म्हणजे लीगच्या शिस्त समितीपुढे गेलं. कोलमनच्या बाजूचं म्हणणं होतं की आधी मार याला बसला आणि मग याने उलट हात उचलला. निकाल काय, तर दोघांनाही चार-चार मॅच सस्पेन्शन. म्हणजे अख्ख्या फायनल्स गेल्या. कोलमन बाहेर आला तो रडत, त्याच्या मित्रांनी त्याला धरून गर्दीतून नेलं. आणि ग्रँड फायनल एसेंडन जीलाँगकडून हरलं, किती पॉइंटने तर ११. दोन गोलसुद्धा नाहीत! जो माणूस मॅचला सरासरी पाच मारतो तो बाहेर बसलेला. नियम नियम असतो हे मला मान्य आहे, उलट हात उचलायला नको होता हेही मान्य, पण सीझनभर याला मागून धक्के, कोपरं, ओढाताण, आणि शिक्षेच्या वेळी मात्र दोघांना एकाच तराजूत घालायचं हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

पुढच्या वर्षी त्याने १०३ मारले. १९५३ ला ९७.

आणि १९५४. फिट्झरॉयविरुद्ध एका मॅचमध्ये चौदा गोल, त्याचा सगळ्यात मोठा दिवस. पुढच्याच आठवड्यात विंडी हिलवर नॉर्थ मेलबर्नशी मॅच, तो पडला आणि गुडघा निखळला. वय पंचवीस. ऑपरेशनं झाली, १९५६ ला परत यायचा प्रयत्न करून पाहिला, गुडघ्याने साथ दिली नाही. आज तसलाच गुडघा वर्षभरात बरा होऊन पोरं परत खेळतात, आमच्या मुलीच्या नेटबॉल टीममधली एक तर दोनदा ऑपरेशन होऊन खेळतेय.

इथे थांबून माझं म्हणणं सांगते, कारण खरं उत्तर हेच आहे. कोलमनबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा जर-तर लावतात, गुडघा टिकला असता तर हजार गोल झाले असते वगैरे. मला ते आवडत नाही. जे झालं नाही त्याचं कौतुक करत बसलं की जे झालं ते लहान दिसायला लागतं, आणि ते लहान नाहीच. ९८ मॅच, ५३७ गोल. मॅचला ५.४८. या खेळाच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये (तेव्हा व्हीएफएल, आता एएफएल) याच्यापेक्षा जास्त सरासरी फक्त पीटर हडसनची, ५.६४, बाकी सगळे खाली. आपल्याला समजेल असं सांगायचं तर ब्रॅडमन ५२ टेस्ट खेळले, कोणी म्हणतं का बस, बावन्नच? ब्रॅडमन १९४८ ला थांबले आणि १९४९ ला कोलमन आला, मेलबर्नच्या लोकांना एकाच पिढीत दोघं बघायला मिळाले, मला त्यांचा हेवा वाटतो.

खेळणं संपलं पण तो संपला नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याने पब चालवले, आणि १९६१ ला एसेंडनचा कोच झाला, डिक रेनॉल्ड्सनंतर, म्हणजे ज्या कॅप्टन-कोचच्या हाताखाली हा खेळला त्याच्याच जागी. दुसऱ्याच वर्षी प्रीमियरशिप, कार्लटनला हरवून. १९६५ ला लीगमध्ये टीम चौथी होती, तिथून वर येत ग्रँड फायनलला सेंट किल्डाला ३५ पॉइंटने हरवलं. सात सीझन कोचिंग, दोन प्रीमियरशिप, १९६७ ला सोडलं, पायाचं दुखणं तोवर होतंच. खेळाडू म्हणून दोन आणि कोच म्हणून दोन. नुसतं कोच म्हणून बघितलं तरी नाव राहिलं असतं.

१९७३ च्या एप्रिलमध्ये ड्रोमानाला, जिथे त्याचा पब होता तिथेच, हार्ट अटॅकने गेला. ४४ वर्षांचा होता. माझा नवरा आत्ता त्याच वयाचा आहे, म्हणून हा आकडा मला जास्त लागतो.

१९८१ पासून सीझनमध्ये, फायनल्स सोडून, सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला जे मेडल देतात ते कोलमन मेडल. हल्ली बहुतेक वर्षी साठ-सत्तर गोलांवर ते मिळतं, खेळ बदललाय, बॅकलाइनमध्ये माणसांची भिंत असते, २००८ ला लान्स फ्रँकलिननंतर शंभरी कोणालाच गाठता आली नाही. कोलमनने ती सहा सीझनमध्ये तीनदा गाठली, तीही त्या चिखलात, त्या जड चामड्याच्या बॉलने.

तर हा तो फोटो. पुढच्या वेळी आलात की जेवण झाल्यावर विंडी हिलला नेते, ग्राउंड अजून आहे, उन्हाळ्यात तिथे क्रिकेट चालतं. शेजारच्या आजोबांनाही बरोबर घेऊ, कुठल्या खांबांमागे उभं राहायचं ते त्यांना बरोबर आठवतं.