अनुक्रमांक ३

झेरॉक्सच्या दुकानात लोक सगळ्यात जास्त काय विसरतात असं विचाराल, तर ओरिजिनल. कागद काचेवर पालथा ठेवायचा, चार प्रती काढायच्या, पैसे द्यायचे, प्रती घेऊन गाडीला किक मारायची. मूळ कागद झाकणाखाली तसाच. सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे माझं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. ड्रॉवरमध्ये आत्ताही दोन आधार कार्डं, एक सातबारा आणि कुणाचं तरी लग्नाचं प्रमाणपत्र पडलंय. त्या जोडप्याचं काय चाललंय देव जाणे.

मागच्या मंगळवारी झाकण उघडलं तर जातीचा दाखला. सकाळी एक पोरगी येऊन गेली होती, डिप्लोमाच्या ॲडमिशनसाठी. दाखल्यावर प्रवर्ग विमुक्त जाती (अ), जात भामटा. आणि काउंटरवर त्याच दिवसाचा पेपर उघडा पडला होता. पान तीनवर चौकटीत बातमी: भामट्यांनी वृद्धेचे गंठण लांबवले.

दोन्ही कागद शेजारी शेजारी बघत मी बराच वेळ उभा होतो. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तेवढं तरी जमलं.

सरकारी यादीत विमुक्त जाती चौदा आहेत. बेरड, बेस्तर, मग तिसरी भामटा. तिच्याखाली पोटात टकारी, उचले, घंटीचोर अशी नावं. घंटीचोर! हे मी शिवी म्हणून नाही लिहीत, शासनाच्या यादीत असं छापलंय. अर्ज भरताना ड्रॉपडाऊनमध्ये ते निवडावं लागतं. मी दिवसाला दोन-तीन फॉर्म भरतो, अनुक्रमांक तीन आला की पोरं आवाज खाली करतात. "काका, ते तिसरं." मी पण मोठ्याने वाचत नाही. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर टकारी आहे, त्यामुळे मी थोडक्यात वाचलो. टकारी म्हणजे जात्याला टाकी लावणारे. जातं गुळगुळीत झालं की पीठ निघत नाही, मग छिन्नीने त्याला पुन्हा खडबडीत करायचं. गावोगाव फिरून हेच काम. पिठाची गिरणी आली आणि ते संपलं.

सातवीत मराठीच्या तासाला समानार्थी शब्द चालले होते. गुरुजींनी भामटा फळ्यावर लिहिला, पुढे ठक, लुच्चा, फसवणारा. चांगले गुरुजी होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. वर्गात आम्ही चौघं होतो वस्तीतले. कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

बाहेरगावच्या लोकांना सांगायला पाहिजे की सोलापुरात सेटलमेंट नावाचा एक भाग आहे. माझी मुलगी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा घरमालकीणबाई पत्ता वाचून म्हणाल्या, "सेटलमेंट फ्री कॉलनी? छान नाव आहे, नवीन स्कीम का?" मुलीने हो म्हणून टाकलं. सोलापुरात असं विचारावं लागत नाही. इथे पत्ता सांगितला की समोरच्याचा हात खिशाकडे जातो. जाणूनबुजून जातो असं नाही, पण जातो.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तर्क असा की सुताराचा पोरगा सुतार होतो, तसा चोराचा पोरगा चोर. म्हणजे गुन्हा रक्तात. युरोपात त्या काळी वंशावर जे काही लिहिलं जात होतं, कवट्या मोजल्या जात होत्या, त्याला आपल्याकडची जात आयती मिळाली. दोन्ही एकमेकांत बेमालूम बसलं. मुंबई इलाख्यात मग अशा जमातींसाठी वसाहती झाल्या, तारेच्या कुंपणाच्या. त्याच सेटलमेंट. सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या, गिरण्यांना माणसं हवी होती. भोंगा झाला की पास घेऊन बाहेर, सुटी झाली की आत, आणि रात्री हजेरी.

माझी आज्जी त्या कुंपणात जन्मली. ती हजेरीच्या गोष्टी सांगायची नाही, विचारलं तर "काय असतंय त्यात" म्हणायची. पण झोपायच्या आधी ती आम्हा नातवंडांच्या डोक्यावर बोट ठेवून मोठ्याने मोजायची. एक, दोन, तीन. आठ भरले की दिवा बंद. एखादा संडासला गेलेला असला तर तो येईपर्यंत ती बसून राहायची. आम्हाला ते लाड वाटायचे. लाड असतीलही.

आम्हा सोलापूरकरांना एका गोष्टीचा फार अभिमान आहे, आणि असायलाच पाहिजे. १९३० च्या मे महिन्यात हे शहर तीन-चार दिवस इंग्रजांच्या हातात नव्हतं. मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन आपण म्हणतो, देशाच्या सतरा वर्षं आधी सोलापूर स्वतंत्र झालं. खरंय. पण त्याच शहरात, त्याच तीन-चार दिवसांत, तारेच्या आत रात्रीची हजेरी चाललीच असणार. आणि देश सुटल्यावरही गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. त्यातून सुटले ते विमुक्त. पाच वर्षं सोळा दिवस. हा हिशोब आमच्या वस्तीत पोरांनाही पाठ असतो. नेहरू सोलापुरात आले आणि त्यांनी तार तोडली असं म्हातारी माणसं सांगायची. सांगताना हाताने कात्री करून दाखवायची.

आता मुद्द्याकडे येतो, नाहीतर रेघ लांबतच जाईल.

२०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड मेला. लॉकडाऊन होता, दुकान बंद, सगळे फोनमध्ये. तो व्हिडिओ आमच्या फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरही आला. गोरा पोलीस काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा ठेवून नऊ मिनिटांच्या वर बसलेला. सगळे हळहळले. एक निवृत्त साहेब लिहितात, अमेरिकेने जगाला शहाणपण शिकवू नये. बरोबर आहे. मी पण अंगठा दिला.

पण मी दुकानदार आहे, मला पोलिसापेक्षा दुसराच माणूस दिसत राहिला. काउंटरवरचा पोरगा. फ्लॉइडने सिगारेटसाठी वीस डॉलरची नोट दिली, ती खोटी वाटली, आणि त्यातून पोलिसांना फोन गेला. तो पोरगा एकोणीस वर्षांचा, स्वतः काळाच. पुढे कोर्टात त्याने सांगितलं की नोट स्वतःच्या खात्यावर टाकावी असं त्याच्या आधी मनात आलं होतं. मग त्याने मॅनेजरला सांगितलं. तो पोलीस तुरुंगात गेला, साडेबावीस वर्षांसाठी. काउंटरवरच्या पोराला शिक्षा नाही, का व्हावी? त्याने काय केलं? आपलं काम केलं.

मी काय करतो ते सांगतो. पाचशेची नोट आली की मी आधी नोट बघत नाही, माणूस बघतो. बँकेतल्या मॅडमनी दिली की सरळ गल्ल्यात. पालावरची पारध्याची बाई पोराच्या आधारची झेरॉक्स काढायला आली की नोट उजेडाकडे. ती बाई बघत असते की मी बघतोय. एकदा संध्याकाळी गल्ला मोजताना एक खोटी निघाली. कुणाची होती आजतागायत माहीत नाही. माझ्या मनाने मात्र लगेच एक चेहरा पुढे केला, आणि तो मॅडमचा नव्हता.

याच्याहून वाईट पुढे आहे.

२०१८ च्या जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पोरं पळवणारी टोळी फिरत होती. टोळी नव्हती, मेसेज फिरत होता. भिकाऱ्याच्या, साधूच्या वेशात येतात, सावध राहा. मी तो दोन ग्रुपवर टाकला. एक घरचा, एक व्यापाऱ्यांचा. खाली "काळजी घ्या" आणि हात जोडलेले. वेशात येतात हे वाक्य मी, टकाऱ्याच्या पोराने, डोळे झाकून पुढे ढकललं. आमच्याबद्दल दीडशे वर्षं हेच लिहिलं गेलंय, वेश बदलून येतात म्हणून.

१ जुलै, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. पाच जणांना लोकांनी पोरं पळवणारे म्हणून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. आपल्या जिल्ह्यातले. मंगळवेढ्याची गाडी पकडायला लोक रोज माझ्या दुकानासमोरून जातात.

माझा मेसेज धुळ्याला पोहोचला असेल असं मी म्हणत नाही. तसे हजार फिरत होते. पण बातमी वाचल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तो मेसेज शोधून डिलीट केला. माझ्या फोनमधून गेला. बाकीच्यांच्या फोनमधून काढायची वेळ निघून गेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा घातली, आणि १७ जुलैला सुप्रीम कोर्टाने जमावाच्या हत्यांवर राज्यांना आदेश दिले. धुळ्याची बातमी आली त्या दिवशी घरच्या ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मावशीने गुड मॉर्निंग टाकलं आणि गाडी सुरू झाली.

मंगळवेढ्याला जाऊन यावं असं तेव्हा फार वाटलं होतं. गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

हे सगळं आत्ता का लिहितोय, तर दोन गोष्टी झाल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या नियमावल्यांवर निकाल दिला. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी केलेल्या याचिकेवर. तुरुंगात झाडलोट कुणी करायची, स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरवणारे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा म्हणाले. आणि विमुक्त जातीच्या माणसाला उगाच उचलू नका, असं पोलिसांनाही सांगितलं. १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी हे सांगावं लागलं. गुन्हेगार जमात हा शब्द गेला, पण सराईत गुन्हेगाराचा कायदा मागच्या दाराने आला. आपल्याकडचा १९५९ चा. तो रद्द करा असं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ साली भारताला सांगितलं होतं. जात म्हणजे वंश नव्हे असं आपलं सरकार त्या समितीला सांगत आलंय. व्याख्या काहीही करा. चौकीत बसवून ठेवलेल्याला जात म्हणून बसवलंय की वंश म्हणून, याने काय फरक पडतो?

माझ्या चुलतभावाचा पोरगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. कुठेतरी गंठण गेलं आणि त्याला चौकशीला नेलं. का, तर पत्ता. त्या रात्री तो पाळीवर होता. मालकाने हजेरीचं रजिस्टर आणून दाखवलं तेव्हा सोडला. आज्जीला ज्या हजेरीने बांधून ठेवलं, तिच्या पणतवाला हजेरीनेच सोडवलं. तो घरी आला तेव्हा आम्ही हसलोच. करणार काय.

दुसरी गोष्ट जनगणना. फेब्रुवारी २०२७ मध्ये दारात येणारा माणूस जात विचारणार आहे. १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची. आपल्या सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांनी भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून २००८ ला अहवाल दिला, तेव्हापासून लोक ओरडतायत की भटक्या-विमुक्तांना नीट मोजा. कारण आमचं कुठेच एक नाव नाही. कैकाडी चंद्रपूरला अनुसूचित जातीत, सोलापूरला विमुक्तात. माणूस तोच, रेल्वेत बसला की प्रवर्ग बदलतो.

वस्तीतल्या पोरांची यावरून रोज भांडणं. एक गट म्हणतो, यादीतून हे नावच काढून टाका, दुसरं काहीही द्या. ऐकायला बरं वाटतं. पण मी फॉर्म भरणारा माणूस. दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. आमच्यापैकी कितीजणांचा तो पुरावा म्हणजे सेटलमेंटच्या शाळेचा आजोबांचा दाखला, आणि त्यावर तोच शब्द. नाव बदललं तर पडताळणी समितीपुढे आजोबा एका जातीचे आणि नातू दुसऱ्या जातीचा. मग पोरांनो, फी भरा पूर्ण. दुसरा गट म्हणतो, पेपरवाल्यांनी भामटा लिहायचं बंद करावं, चोर लिहावं की. चोराला चोर म्हणायला काय झालं? मी या गटात आहे. पण मागच्या आठवड्यात कुरिअरवाल्याने पैसे बुडवले तेव्हा माझ्याच तोंडून काय निघालं, तर "भामटा आहे साला". बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं.

गुरुवारी ती पोरगी आली, आईला घेऊन. आई चिडलेली.

"हिचं डोकं ठिकाणावर नसतंय बघा. दोन दिवस घर पालथं घातलं ओ."

मी दाखला ड्रॉवरमधून काढून दिला. घडी घातलेला होता, लिहिलेली बाजू आत. पोरीने घडी न उघडताच पिशवीत टाकला. आईने तो पुन्हा काढला, उघडला, नाव बरोबर आहे का बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"तुम्ही वाचलाव व्हय?"

"वाचावं लागतंय. कुणाचा आहे ते कळायला नको?"

ती गप्प. पोरगी खाली बघत होती.

"मी पण सेटलमेंटचाच," म्हटलं.

"कुठल्या लायनीतले?"

सांगितलं. आज्जीचं नाव सांगितलं. तिच्या सासूला माहीत होतं. मग ती काउंटरवर कोपर ठेवून म्हणाली, "मग आधी सांगायचं की ओ. चार झेरॉक्सचे पैसे घेतलाव लेकराकडून."