प्रवासात खायला काय न्यायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

परदेशातल्या मुलाने विमानाचं तिकीट काढून पाठवलं की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या कुणाचा ना कुणाचा मला फोन येतोच. आधी गुडघ्यांची चौकशी, मग हवापाणी, आणि मग खरा मुद्दा: "काकू, एवढा लांबचा प्रवास, खायला काय नेऊ?" गाडीने पुण्याला निघालेलेही हेच विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

इंदूरच्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं: शेव. आपण पोह्यांवर शेव घालतो, वरणावर घालतो, शेवेची भाजी करतो आणि घरात काहीच नसलं तर नुसती शेव खातो. तरी माझं म्हणणं असं, की विमानात शेव खाऊ नका. न्या जरूर, किलोने न्या, पण सामानात, तिकडच्यांसाठी. स्वतःसाठी न्यायची ती चव. पोट भरायचं काम विमान कंपनी करते, बरं-वाईट कसंही. चवीचं काम तिच्याच्याने होत नाही, आणि सगळा दोष तिचाही नाही.

विमान उडतं पस्तीसेक हजार फुटांवर, पण आत हवेचा दाब ठेवतात तो सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा. म्हणजे इंदूरच्या अठराशे फुटांवरून उठून आपण बसल्या जागी शिमल्याला पोचतो आणि रात्रभर तिथेच राहतो. त्यात हवा कमालीची कोरडी. नाक सुकलं की वास कळत नाही, आणि वास कळला नाही की चव अर्धी गेली. जर्मनीत लुफ्तान्सा विमान कंपनीने फ्राउनहोफर या संशोधन संस्थेकडून याचे प्रयोग करून घेतले. विमानाचा अर्धा सांगाडा जमिनीवरच एका बंद खोलीत ठेवला, आतला दाब कमी केला आणि लोकांना जेवू घातलं. मिठाची चव वीस-तीस टक्क्यांनी आणि साखरेची पंधरा-वीस टक्क्यांनी कमी जाणवते असं निघालं. आंबट आणि मसालेदार मात्र बऱ्यापैकी टिकून राहतं.

आता यात शेव बसवून बघा. मीठ जाणवत नाही म्हणून हात थांबत नाही. मग तहान लागते, पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि खिडकीशी जागा असेल तर झोपलेली दोन माणसं उठवावी लागतात. शिवाय ते बेसन. दाब कमी झाला की पोटातला वायूही फुगतो. पिठलं, उसळ, छोले खाऊन विमानात बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पाकिटाचंही तेच. इथे हातात चुरमडणारं नमकीनचं पाकीट वर गेल्यावर चारही कोपरे ताणून टम्म उभं राहतं, वरची छापील अक्षरंसुद्धा रुंदावलेली दिसतात. आमच्या ह्यांनी एकदा असलं पाकीट दातांनी फोडलं. शेव गेली ती थेट शेजारच्या गृहस्थांच्या लॅपटॉपच्या कळांमध्ये. गृहस्थ सज्जन. एक शब्द बोलले नाहीत. एकेक शेव बोटाच्या टोकाने उचलून त्यांनी कागदी रुमालावर ओळीने मांडली, सगळ्यात लांब ती पहिली. ह्यांनी विमान उतरेपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

तर मग न्यायचं काय? जिरावण. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, हा आमच्या पोह्यांवर भुरभुरायचा मसाला: जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, लाल तिखट, आणि घरोघरी वेगळं असं आणखी काही. जे आंबट आणि मसालेदार विमानात टिकतं म्हणतात, ते सगळं या एका डबीत आहे. विमानातला उकडलेला बटाटा, पांढराफटक भात, ती कसलीशी घट्ट ऑम्लेटची घडी, काकडीचे दोन काप, कशावरही चिमूटभर टाका. ताक मिळालं तर त्यातही. छोटी घट्ट झाकणाची डबी पुरते. जिरावण बाजारातलं चालेल, पण घरचं असेल तर आमचूर जरा सढळ हाताने घालून ताजं कुटून घ्या. प्रवासाला आंबटपणा जास्त लागतो.

दुसरं म्हणजे आलेपाक आणि मीठ लावून वाळवलेला आवळा. गोष्टीतली आई मुलाला भूकलाडू आणि तहानलाडू बांधून देते. भूकलाडूचं समजू शकतं, पण तहानलाडू कशाचे करायचे हे कुणी सांगत नाही. मला विचाराल तर आवळ्याचेच असणार. तोंडात धरला की लाळ सुटते आणि कोरड जाते. वर जाताना-उतरताना कान दडतात, तेव्हाही काहीतरी चघळत राहिलं की बरं वाटतं. आलेपाक मळमळीवर.

आणि भुकेला दशम्या. विमान बदलायला रात्री दोन वाजता कुठल्या तरी परक्या विमानतळावर पाच तास बसायची वेळ येते, तिथे सँडविचची किंमत रुपयांत करून बघितली की भूक मरते, तेव्हा दशमीसारखं काही नाही. कणीक दुधात भिजवायची, चांगलं मोहन घालायचं, जरा जाडसर लाटायची. पाण्यात भिजवलेली पोळी त्या कोरड्या हवेत पापड होते, दशमी मऊ राहते. आत तिळाची नाहीतर जवसाची कोरडी चटणी पसरून गुंडाळी करा, म्हणजे ताट-वाटी काही लागत नाही. लसणाची चटणी नको. दोन-अडीचशे माणसं एकाच डब्यात कोंडलेली असतात आणि लसूण कुणा एकाचा राहत नाही. लसूण शेवेलाही हाच न्याय.

आता नियमांचं. ते कंटाळवाणं आहे, पण विमानतळावर डबे उघडे पडतात ते यामुळेच.

लोणचं, तूप, श्रीखंड, मुरांबा हे सगळं तपासणीवाल्यांच्या लेखी द्रव. २००६ साली लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून परदेशी जाताना हातातल्या सामानात शंभर मिलीलीटरच्या वरची बाटली-बरणी चालत नाही. बरणी अर्धी रिकामी असली तरी बघतात ती बरणीचं माप. तेव्हा कैरीचं लोणचं मोठ्या बॅगेत, तीन पिशव्या घालून. अमेरिकेला जाणाऱ्यांना पुडींचाही नियम आहे: २०१८ पासून हातातल्या सामानात साडेतीनशे मिलीलीटरच्या वर कुठलीही पूड असली की वेगळी तपासणी होते. मेतकूट, दाण्याची चटणी, भाजणी हेही मोठ्या बॅगेत. हातात फक्त जिरावणाची डबी.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात टाकू नका. हे ऐकून सगळ्याच चकित होतात, पण सुकं खोबरं विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे, कारण त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आणि खसखस! दुबई-अबुधाबीला आणि सिंगापूरला खसखस न्यायला बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. अनारसा खसखशीवर थापल्याशिवाय होत नाही, आणि करंजीच्या सारणात खसखस नसेल तर सासूबाई विचारतात. इंदूरहून २०१९ मध्ये दुबईचं थेट विमान सुरू झालं तेव्हापासून हे मी दिवाळीच्या आधी आवर्जून सांगते. तिकडे जाणाऱ्यांनी बेसनाचे लाडू न्यावेत, शंकरपाळे न्यावेत, अनारसे इथेच खाऊन जावेत.

अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणा. लाडू-चिवड्याला सहसा कुणी हात लावत नाही, फळं आणि मांस मात्र चालत नाही. विमानात मिळालेलं सफरचंद नंतर खाऊ म्हणून पिशवीत ठेवणाऱ्या एका प्रवासी बाईंना २०१८ मध्ये पाचशे डॉलरचा दंड झाला होता, बातमी खूप गाजली. आपली पिढी फुकटचं सफरचंद टाकून उठणाऱ्यातली नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिकडच्यांसाठी शेव नेताना बारीक शेव घेऊ नका, तिचं पीठ होतं. लवंग शेव किंवा रतलामी जाड असते, धक्के सोसते. दुकानदार हौसेने हवा काढून पॅक करून देतो म्हणतात, त्याला नाही म्हणा. हवा ओढली की प्लॅस्टिक शेवेला आवळतं आणि अख्खी शेव तिथल्या तिथे मोडते. साध्या पिशवीतली हवा हाताने हलकेच दाबून काढायची, तोंड पक्कं करायचं, आणि पिशव्या कपड्यांच्या घड्यांमध्ये आडव्या घालायच्या. ह्यांच्या लोकरी बंड्यांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

गाडीचा प्रवास म्हणजे मात्र शेवेचं राज्य. इथे खिडकी उघडता येते, थांबता येतं, आणि सांडलं तर गाडी आपली असते. इंदूर ते पुणे सहाशे किलोमीटरच्या आसपास, पहाटे निघालं तर रात्रीच्या जेवणाला पुणं. निघतानाचा नाश्ता घरीच करा. डब्यात घालून पोहे नेणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. आपले पोहे वाफेवर असतात तोवर पोहे, गार झाले की वातड.

गाडी चालवणाऱ्याचा विचार निराळा करायचा. त्याला एका हाताने, न बघता खाता आलं पाहिजे, आणि बोटं तेलकट व्हायला नकोत, कारण तोच हात परत स्टिअरिंगवर जाणार. भाजलेले चणे, खारे दाणे, खाकऱ्याचे तुकडे. शेव त्याला देऊ नका, ती गिअरपाशी जमते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही. पोटभर जेवूही घालू नका, धुळ्यानंतर डोळे मिटायला लागतात.

मानपूरचा घाट उतरला की माळवा संपतो, निमाड लागतो आणि हवा बदलते. उन्हाळ्यात इथेच डब्यांची परीक्षा होते. बटाट्याची भाजी, मावा घातलेलं काहीही, दहीभात, ही मंडळी निमाडच्या उन्हात बंद गाडीत दुपारपर्यंत टिकत नाहीत. जिथे ओलावा तिथे नासणं, एवढंच लक्षात ठेवून डबा भरावा. टिकतात त्या तिखटमिठाच्या पुऱ्या: कणीक, थोडं बेसन, ओवा, तीळ, हळद, तिखट, कडक मोहन, आणि कणीक शक्य तितकी घट्ट. पुऱ्या पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, नाहीतर आतल्या वाफेनेच त्या दुसऱ्या दिवशी आंबूस लागतात. बरोबर लिंबाचं गोड लोणचं. इथे शंभर मिलीलीटर विचारायला कुणी येत नाही.

खलघाटला नर्मदा ओलांडली की आम्ही सावली बघून थांबतो. तिथे मोठ्या पातेल्यात मुरमुरे, शेव, दाणे, चिरलेला कांदा, कैरी असेल तर कैरी, आणि वरून जिरावण. कांदा घरून चिरून आणला तर गाडीभर वास होतो, म्हणून सुरी-पाटा बरोबर, आणि चिरायचं काम पुरुषमंडळींकडे. त्यांना पाय मोकळे करायचेच असतात, हातही होतात. मुलांना या भेळेपुढे हॉटेल सुचत नाही. पुढे सेंधव्यानंतर बिजासनचा घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी त्याआधी ना तुडुंब खावं ना उपाशी राहावं, एखादी पुरी आणि तोंडात आलेपाक.

राहिला एक प्रश्न, जो सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात: "ह्यांना शुगर आहे हो." असेल, तर विमानात जेवण कधी येईल याच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका. ताट समोर आलं की मग. वेळा कशा जुळवायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. चणे आणि दशमी हाताशी ठेवा, आणि साखर एकदम उतरली तर म्हणून ग्लुकोजची पुडी सदऱ्याच्या खिशात. तिकडे लाडवाचा उपयोग नाही, तुपामुळे साखर चढायला वेळ लागतो. मधुमेह्यांचं जेवण मिळतं, पण ते निदान चोवीस तास आधी कंपनीला कळवावं लागतं, काहींना त्याहून आधी. ते ताट सगळ्यांच्या आधी येतं हा त्यातला मान, आणि ते सगळ्यांत बेचव असतं ही त्याची किंमत. तेव्हा जिरावणाची डबी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नका. पट्टा बांधायचा दिवा लागलेला असला की उठू देत नाहीत.