साठ मिलीचा हिशेब

नाशिकच्या सिडकोतल्या ज्या परमिट रूममध्ये मी मॅनेजर म्हणून काम करतो, तिथे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक मेन्यूकार्ड उघडतच नाहीत. ते बसले की वेटर त्यांचा ब्रँड, सोडा किंवा पाणी आणि त्यांच्या आवडीचा चकणा न विचारता समोर आणून ठेवतो. सायंकाळी सर्वांत आधी निवृत्त मंडळी येतात, मग अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतले सुपरवायझर, त्यानंतर कामानिमित्त आलेले फिटर, विक्री प्रतिनिधी आणि ट्रकचालक. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाकडच्या वाइनरी पाहून परतणारे मुंबई आणि सुरतेकडचे पाहुणेही येतात, ज्यांना दिवसभर वाइनचे घोट घेतल्यावर शेवटी व्हिस्कीच हवी असते.

बारमध्ये सर्वांत जास्त वेळ मोजण्यात जातो, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. ७५० मिलीच्या बाटलीतून ६० मिलीचे बारा लार्ज आणि ३० मिलीचा एक स्मॉल निघतो. रात्री शटर ओढल्यावर प्रत्येक उघड्या बाटलीतला माल पेगांत मोजायचा, तो दिवसभराच्या बिलांशी जुळवायचा आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवहीत ब्रँडनिहाय शिल्लक लिहायची, असे ते काम असते. याच खात्याच्या नियमाप्रमाणे पिणाऱ्या प्रत्येकाजवळ मद्यसेवनाचा परवाना असावा लागतो आणि नसेल तर पाच रुपयांचा एका दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. ही गोष्ट आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या गावीही नसते. हा नियम नेमका कोणाच्या भल्यासाठी आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

पेग भरण्याचे माप स्टीलचे, डमरूच्या आकाराचे असते. एका बाजूला ३० मिली आणि दुसऱ्या बाजूला ६०. ते काठोकाठ भरले की दारूचा पृष्ठभाग काठाच्या किंचित वर फुगतो आणि हात स्थिर असेल तरच ते न सांडता ग्लासात उलटता येते. मात्र माप जरासे तिरके धरले, किंवा भरण्याआधीच उलटायला सुरुवात केली, तर साठाचे पन्नास सहज होतात. ग्लासात आधीच बर्फ टाकलेला असेल तर समोर बसलेल्या माणसाला ते कळण्याचा काहीच मार्ग उरत नाही. उलट, माप ग्लासात रिकामे करताना बाटलीची धार तशीच चालू ठेवली, तर साठाचे पंचाहत्तर होतात. हे दोन्ही हात एकाच माणसाचे असू शकतात, याचा विचार मी पूर्वी फारसा केला नव्हता, कारण आमच्या काउंटरवरच्या मामांची वही कधी चुकलीच नाही. इतर बारमध्ये महिनाअखेरीस सांडलवंड आणि फूटतूट या नावाखाली काही बाटल्यांचा फरक निघतो. मामांच्या हाताखाली तो जवळजवळ शून्य असे आणि शेठ ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

मामांची दिंडोरी तालुक्यात थोडीशी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात फळछाटणी आली की ते रजेवर जातात, कारण त्या दिवसांत मजुरांची टोळी मिळवणे आणि मिळाल्यावर ती हातची जाऊ न देणे यासाठी मालकाला बांधावर उभे राहावेच लागते. २०२५ मध्ये पाऊस रेंगाळल्याने छाटण्या मागेपुढे झाल्या आणि पावसाने जरा उघडीप देताच मामा निघाले. त्या वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्याने ऐन सणाला ड्राय डे झाला होता. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी बार सातलाच भरला आणि काउंटरवर मला स्वतः उभे राहावे लागले.

दारूच्या भावाबद्दलही इथे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर पुढे घडले ते चिडखोरपणाचे वाटेल. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या उत्पादन शुल्कात मोठी वाढ जाहीर झाली. १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातल्या बारमालकांनी बंद पाळला, परंतु त्याने भाव काही उतरले नाहीत. जे गिऱ्हाईक पूर्वी तीन लार्ज घेत असे ते दोनवर आले, आणि काही जण वाइन शॉपमधून क्वार्टर घेऊन मोकळ्या मैदानात बसू लागले. जे टिकून राहिले ते प्रत्येक पेगाकडे बारकाईने पाहू लागले, आणि त्यात त्यांचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर पाच निवृत्तांचा गट बसतो. त्यांच्यातले काका अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळण्यात त्यांची उमर गेली. त्या शनिवारी पहिला पेग पोहोचला आणि दोनच मिनिटांत काका ग्लास घेऊन काउंटरपाशी आले. त्यात त्यांनी अजून पाणी घातले नव्हते.

"काय हो मॅनेजर, मामा गावाला गेला तो पेगही सोबत घेऊन गेला का?"

आमच्या ग्लासांवर खालच्या बाजूला नक्षीची एक पट्टी आहे. काकांचे म्हणणे असे की त्यांच्या लार्जची पातळी नेहमी त्या पट्टीच्या वरच्या कडेला लागते आणि आज ती पट्टीच्या मध्यावर आहे. शेजारच्या टेबलांवरचे बोलणे थांबले. बारमध्ये मापावरून झालेला वाद दबक्या आवाजात कधीच होत नाही, आणि पेग कमी भरल्याचा आरोप एकदा चारचौघांत झाला की तो आठवडाभर गल्लीत फिरतो. मी वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का असलेले माप काढले, ते कोरडे पुसले आणि काकांच्याच ग्लासातली व्हिस्की त्यात ओतली. माप काठोकाठ भरले. ग्लासाच्या तळाशी चिकटलेल्या थेंबांखेरीज काही कमी नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.

काकांनी मान डोलावली, परंतु ते जागचे हलले नाहीत. ते म्हणाले, "हे साठ झाले. आता माझ्या रेघेपर्यंत भरा आणि ते मोजा." मी नक्षीच्या वरच्या कडेपर्यंत व्हिस्की भरली आणि मोजली. साठ मिलीचे माप भरून उरले त्याने तीसच्या मापाचा निम्मा भाग भरला. म्हणजे मामा या टेबलाला प्रत्येक लार्जमागे सुमारे पंधरा मिली जास्त देत होते. टेबलावरचे बाकीचे चौघे हसले आणि त्यांच्यापैकी एकाने "मामा म्हणजे देवमाणूस" असे म्हणून टाळीही दिली. काका हसले नाहीत. त्यांच्या टेबलावर रोज साधारण बारा लार्ज जातात. बारा गुणिले पंधरा म्हणजे १८० मिली, एक अख्खी क्वार्टर. त्यांनी तो गुणाकार मोठ्याने केला आणि मला विचारले, "रोज एक क्वार्टर कमी पडत असेल ना तुमच्या वहीत?"

पडत नव्हती. एवढेच उत्तर माझ्याजवळ होते, आणि ते तोंडातून बाहेर पडताच त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही एकदमच कळला. काकांनी मागे वळून भिंतीजवळच्या टेबलाकडे पाहिले. तिथे मुंबईकडचे चार तरुण चिली चिकन संपवत तिसऱ्या पेगाची वाट पाहत होते.

रात्री मी वेटरना विचारले. आमच्याकडची मुले पेठ-सुरगाण्याकडची आहेत. ती विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारल्यावर खोटे बोलत नाहीत. त्यांनी सांगितले की मामा टेबलाचा नंबर ऐकूनच ग्लास लावतात. रोजच्या टेबलाच्या ग्लासात आधी दारू पडते आणि मग बर्फ. अनोळखी टेबलाच्या ग्लासात आधी बर्फ पडतो. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्या मुलांना कधी वाटलेच नव्हते. आलेल्या नव्या मुलाला काम शिकवताना ती ही पद्धतही शिकवत होती.

छाटणी उरकून मामा परतल्यावर मी त्यांना मागच्या खोलीत बसवून विचारले. ते मुळीच गडबडले नाहीत.

"साहेब, तुमच्या वहीत कधी थेंब तरी कमी पडला का?"

"नाही."

"शेठचं नुकसान झालं का?"

"नाही."

"बाहेरचा माणूस एकदा येतो, पुन्हा तोंड दाखवत नाही. काका लॉकडाऊननंतर बार उघडला तेव्हा पहिल्या दिवशी आले होते, टेबलं पुसायला लागले होते. हा बार कुणामुळे उभा आहे, ते तुम्हीच सांगा."

मामांनी यातून स्वतःच्या खिशात एक रुपयाही घातला नव्हता, हे मी तपासून पाहिले आहे. आमच्या बारबद्दल परिसरात जो आपलेपणा बोलला जातो, त्याचा खर्च इतकी वर्षे मालकाने नव्हे आणि मामांनीही नव्हे, तर रस्त्यावरून आत शिरलेल्या अनोळखी माणसांनी दहा-दहा मिलींनी भरला होता. त्यांच्यापैकी कोणी पेग कमी असल्याची कुरकुर केलीच, तर मीच त्यांना बर्फ वितळल्यावर पातळी बदलते असे पटवून देत असे. शेठच्या कानावर सर्व घातले तेव्हा त्यांनी, वही जुळते आहे ना, एवढेच विचारले. धंद्यात वही जुळणे म्हणजे सर्व ठीक असणे, अशी मालक मंडळींची ठाम समजूत असते.

नोव्हेंबरपासून मी टेबलासमोर माप भरून पेग देण्याची पद्धत सुरू केली. वेटर बाटली आणि माप घेऊन टेबलाशी जातो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लास भरतो. वेळ जास्त लागतो, शनिवारी मुलांची धावपळ होते, पण बाहेरच्या टेबलांवरची पेगाची कुरकुर बंद झाली आहे. काका आपला पेग काठोकाठ साठच घेतात आणि थेंब जास्त पडला तर वेटरला थांबवतात. त्यामुळे त्यांचे मित्र त्यांना इन्स्पेक्टर म्हणू लागले आहेत; त्यातले दोघे तर खिडकी सोडून काउंटरजवळच्या टेबलावर बसतात, कारण तिथे मामांचा हात पोहोचतो. मामा त्यांचे माप उलटताना बाटलीची धार अजूनही तोडत नाहीत.

आता ते जास्तीचे भरून काढायला कोणी अनोळखी उरलेले नाही, त्यामुळे वहीत दर आठवड्याला दोन-तीन क्वार्टरची तूट दिसू लागली आहे. शेठ म्हणतात, ही तूट पगारातून कापा. कोणाच्या पगारातून, हे मात्र त्यांनी माझ्यावर सोपवले आहे.